ड्युरांट्याचा सदरा

पौडच्या बाजारात उभी हयात शिलाई मशीनवर काढल्यावर जैनुद्दीन मास्तरांनी दुकान मुलाच्या, शाकिरच्या ताब्यात दिलं आणि कोळवणला स्वतःच्या जागेत दोन खोल्या बांधून ते बायकोसह राहायला आले. घरापुढं ऐसपैस अंगण होतं. भाजीपाला मागं लावू, पण दारासमोर फुलझाडंच पाहिजेत, असं अमिनाबींनी घर बांधायच्या आधीच सांगून ठेवलं होतं.

रोपं आणायला दोघं पिरंगुटच्या नर्सरीत गेले. अमिनाबी रोपाला नाक लावून बघायच्या. मास्तर मात्र पान चिमटीत धरून चोळायचे, गिऱ्हाइकानं आणलेलं कापड बघावं तसं. कण्हेर त्यांना सुळसुळीत वाटली. कामिनीचं पान बारीक आणि वीण दाट, म्हणून ती एकदम पसंत पडली. अंगणात ऊन किती येतं, पाणी कुठं साचतं, असं नर्सरीवाला विचारत होता, तेव्हा मास्तरांनी सवयीनं त्यालाच विचारलं, की धुतल्यावर आटत तर नाही ना.

शेवटी दोन जास्वंदी, मोगरा, तगर आणि कामिनी घेऊन ते परतले. अमिनाबींनी जास्वंदी भर उन्हात लावल्या, मोगरा पाणी साचणार नाही अशा उंचवट्यावर लावला आणि प्रत्येक रोपाभोवती पसरायला जागा सोडली. मास्तरांना ते सगळं फार ढगळ वाटलं.

पावसाळ्यात रोपांनी अंग धरलं आणि इथंच घोळ सुरू झाला. एखादी फांदी बाहेर डोकावली की मास्तरांचा हात शिवशिवायचा. त्यांनी झाडं छाटायची मोठी कात्री आणली. सकाळचा चहा झाला की ते अंगणात उतरत. जास्वंदींना त्यांनी कंबर काढली, मोगऱ्याचा गळा गोल केला. येणारेजाणारे थांबून बघायचे. फूल मात्र एक येईना. कळी धरायची ती शेंड्याला आणि शेंडा रोज कात्रीत जायचा.

थंडी सरता सरता अमिनाबींना झाडाखालच्या पाल्यात जास्वंदीच्या कळ्या सापडल्या. त्यांनी त्या वेचल्या आणि दुपारी नवऱ्याच्या ताटात, भाकरीशेजारी वाढल्या.

“ही तुमची कातरण,” त्या म्हणाल्या. “कापड वाढत न्हाई, म्हणून मापानं कापायचं. झाड वाढतंया. आता माज्या झाडांना कात्री लावायची न्हाई.”

कात्री ट्रंकेत गेली आणि ट्रंकेची किल्ली अमिनाबींच्या कमरेला. मास्तर पार सुकून गेले. अंगणात खुर्ची टाकून बसायचे आणि बाहेर आलेल्या फांद्यांकडं बघत हात मांडीखाली दाबून धरायचे.

शेजारचा बंगला कौस्तुभ आणि उत्कर्षा या जोडप्याचा होता. दोघं हिंजवडीत कंपनीत नोकरीला, त्यामुळं फक्त शनिवार-रविवार यायचे. त्यांच्या कुंपणाला पिवळ्या पानांचा ड्युरांटा होता, तो माणसाच्या डोक्यावर गेला होता आणि चहूबाजूंनी विस्कटला होता. राखणदार भिकूला झाडापेक्षा झाडाच्या सावलीत जास्त गोडी. मास्तर पाय मोकळे करायला म्हणून तिकडं जाऊ लागले. बंगल्याच्या शेडमध्ये एक गंजकी कात्री पडली होती. मास्तरांनी तिला धार लावली आणि कुंपणाला हात घातला. भिकूनं त्यांना अडवलं नाही, त्याची झोपमोड होत नव्हती.

शनिवारी मालक आले आणि बघतच राहिले. कुंपण फितीसारखं सरळ. त्यांनी भिकूचं तोंडभर कौतुक केलं. भिकूनं मान खाली घालून, वाईच हात फिरवला, एवढंच सांगितलं. पलीकडं अंगणात मास्तरांनी ते ऐकलं. जीव तळमळला, पण शेजारी अमिनाबी तांदूळ निवडत बसल्या होत्या. बोलणार काय?

खूश झालेल्या उत्कर्षानं पुढचं काम काढलं. पुढच्या रविवारी ऑफिसची माणसं येणार होती. फाटकाशी ड्युरांट्याचं एक भलंमोठं झुडूप होतं, त्याचा मोर करायचा. भिकू हो म्हणून बसला आणि ते निघून गेल्यावर मास्तरांच्या पायाशी आला.

मास्तरांनी आयुष्यात मोर केला नव्हता, पण कात्री हातात आली यातच त्यांना सगळं आलं. आठवडाभर ते खपले. अडचण अशी होती, की दोन्ही बाजू सारख्या असल्याशिवाय त्यांच्या डोळ्याला चैन पडत नसे. एकीकडं चोच काढली की दुसरीकडंही काढावी लागे. पिसाऱ्याचंही तसंच. भिकू बराच वेळ निरखत राहिला.

“मास्तर, ह्यो सदरा हाय.”

“मोरच हाय. लांबनं बघ.”

भिकू पार रस्त्यापर्यंत जाऊन आला. “लांबनं बी सदराच हाय. कॉलर सुदिक हाय.”

रविवारी पाहुणे आले. हे मुद्दामच केलेलं आहे असं समजून त्यांनी सदरा डोक्यावर घेतला. एकजण झुडपामागं उभा राहिला, कॉलरवर हनुवटी टेकवली आणि फोटो काढून घेतला. लगेच रांग लागली. मोर गेला कुठं हे उत्कर्षाही विसरली. कौस्तुभला तर इतका चेव आला, की फाटकाच्या दुसऱ्या बाजूच्या झुडपाचाही सदरा कर, आत्ता, सगळ्यांना बघायचंय, असं त्यानं भिकूला फर्मावलं.

भिकूनं कात्री उचलली. झुडपासमोर उभा राहिला. मग सरळ कुंपणाशी आला.

“मास्तर, या वो. माज्यानं न्हाई व्हायचं.”

सगळ्यांच्या माना वळल्या. मास्तर खुर्चीत थिजले. त्यांनी हळूच बायकोकडं पाहिलं.

“बघताय काय?” अमिनाबी म्हणाल्या. “रोज बाहीला पिवळी पानं चिकटून येत्यात. मी म्हणलं, कवा सांगतायत बघू. जा आता, मानसं थांबल्यात.”

मास्तर उठले. जाताना खुंटीवरची टेप त्यांनी गळ्यात अडकवली. झुडपाभोवती एक फेरी मारली, मान तिरकी करून अंदाज घेतला आणि उत्कर्षाकडं वळून गंभीरपणे विचारलं, “ताई, हाफ बाही का फुल?”

“हाफच करा काका,” ती म्हणाली. “उन्हाळा आलाय.”

त्या दिवसापासून बंगल्याची छाटणी उघडपणे मास्तरांकडं आली. भिकूकडं फक्त पाणी घालणं राहिलं आणि डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखा तो पुन्हा गाढ झोपू लागला. इकडं अमिनाबींच्या जास्वंदीला हाताएवढी फुलं आली, मोगराही लगडला. बहर संपला की मी सांगेन तेवढंच कापायचं, असं त्यांनी मास्तरांना बजावलंय आणि मास्तर ते पाळतायत.

परवा खालच्या अंगाच्या एका बंगल्यातले गृहस्थ आले. त्यांना आपल्या कुंपणाला विजार हवी होती. मास्तरांनी साफ नकार दिला. दोन पायांच्या मधल्या भागाला ऊन लागत नाही, तिथलं पान वाळतं. खालून घेर मोठा आणि वर निमुळतं, तरच झाड भरलेलं राहतं, हे आता त्यांना कळलं होतं.

“परकर चालंल का?” त्यांनी विचारलं.

गृहस्थ म्हणाले, घरी विचारून सांगतो.