कोण एक्सपायर झालं?

"मावशी, ठरवा एकदाचं. आज सही करून मोकळं व्हायचंय मला," साहेब खुर्ची गरागरा फिरवत म्हणाला. वयानं भाच्यासारखा, पण साहेब.

मावशी म्हणजे अख्ख्या ऑफिसची मावशी. हॉस्पिटलचे फॉर्म ज्या वेबसाइटवर भरतात, तिच्या मागचं सगळं हीच बघायची. माणूस फॉर्म भरत असतो, तेव्हा त्याचं अर्धवट लिहिलेलं तेवढ्यापुरतं कुठंतरी ठेवावं लागतं. ते कुठं ठेवायचं, यावर सकाळपासून डोकेफोड चालली होती. समोर क्लाउडवरचे दोन डेटाबेस. पहिला सगळं मेमरीत ठेवणारा, सुसाट. पण गर्दी झाली की गप्प बसलेल्यांना, त्यांनी लिहिलेल्यासकट, आधी हाकलणार. दुसरा जरा मंद, महागही. पण मुदत संपेपर्यंत कुणाचं काही टाकत नाही, संपली की आपला आपण पुसतो.

"पहिलाच घेऊ. वेबसाइटवर ट्रायलला लावलाय तर कसा पळतोय बघा," साहेब म्हणाला. "एक फॉर्म भरायला कुणाला एवढा वेळ लागतो?"

"सगळी तुमच्यासारखी दहा बोटांनी नाही बडवत, साहेब."

तेवढ्यात मदतीचा फोन वाजला. फोनवाली जेवायला गेलेली. मावशीनं उचलला.

"बाई," म्हाताऱ्याचा आवाज, पार कोरडा पडलेला. "कोण एक्सपायर झालं?"

"काय म्हणालात, काका?"

"तुमच्या पानावर आलंय ना, एक्सपायर म्हणून. मी इथं खाली फॉर्म भरतोय, ही वर वॉर्डात. मघाशी तर बोलली माझ्याशी. मला कुणी सांगितलं कसं नाही?"

मावशीच्या लक्षात आलं. ट्रायलनं काकांना हाकललं होतं. 'सेशन एक्सपायर्ड' हा मुदत संपल्याचा मेसेज ती रोज बघायची. वाचलं आज.

"काका, काकूंना काही झालेलं नाही! पान बंद पडलंय, पान!"

ऐकतंय कोण. फोन हातात तसाच चालू, काका निघाले. मावशीनं स्पीकर लावला. जिन्यावर चपला फटफट वाजत होत्या, मधे धाप.

साहेबाची खुर्ची थांबली. "मेसेज बदलू की," तो हळूच म्हणाला. "त्यात डेटाबेसचा काय दोष?"

"मेसेज बदलतेच. पण त्यांनी एकेका बोटानं लिहिलेलं कुठाय? काढून दाखवा."

फोनमधून दार ढकलल्याचा आवाज आला. मग एक बाई, झोपमोड झालेली: "असे काय बघताय भूत बघितल्यासारखे? भरलात का फॉर्म? एक काम धड होईल तर शपथ!"

काकांनी जोरात नाक ओढलं.

"दुसरा घेऊ," साहेब म्हणाला आणि उगाच पेन शोधायला लागला.

"बाई, आहात का?" काका परत फोनवर आले. "सगळं पहिल्यापासून लिहायचं? आज फॉर्म गेला नाही तर उद्याचं ऑपरेशन पुढं ढकलतील म्हणे."

"तुम्ही नुसतं सांगा, मी भरते. काकूंचं पूर्ण नाव?"

काका अडखळले.

"नुसतं अगं म्हणायची सवय हो," काका पुटपुटले. मग त्यांनी नाव सांगितलं. सावकाश, अक्षर न् अक्षर सुटं करून, कुणाची तरी पहिल्यांदा ओळख करून द्यावी तसं.

मावशीनं ते लिहिलं. खालचे सगळे रकाने अजून रिकामे होते, तरी तिनं आधी सेव्ह दाबलं.