कालवांच्या गावची पाहुणी

शियामेनमध्ये उतरणाऱ्या परदेशी पाहुण्यांना बसमध्ये शहराची ओळख करून देणं हे माझं काम. बंदर कसं वाढलं, इथले व्यापारी कुठकुठल्या देशांत गेले, समोरच्या बेटावर मोटारींना बंदी का, हे मी झोपेतही सांगू शकेन. त्या दिवशी सगळे खिडकीबाहेर बघत होते. एक तरुण मुलगी मात्र माझ्याच तोंडाकडे बघत होती. चेहरा थेट आमच्याकडचा, पण आमच्या भाषेचा एक शब्द येत नव्हता.

तिचं नाव माइके. तान्ही असताना हॉलंडमधल्या एका जोडप्यानं तिला इथल्या अनाथालयातून दत्तक नेलं होतं. बोटींच्या धक्क्यावर, कालवांच्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्यांच्या, टोपलीत ठेवलेली सापडली, एवढंच तिला ठाऊक होतं. बस थांबल्यावर तिनं केस मागे सारून कान दाखवला. कानापुढे, गालाला लागून, सुईनं टोचल्यासारखं बारीक छिद्र. जन्मापासूनचं.

"हे एखाद्या घराण्यात चालत येतं का हो?" तिनं इंग्रजीत विचारलं.

असं छिद्र असलं की घरात धान्य कमी पडत नाही, असं आमच्याकडच्या म्हाताऱ्या म्हणतात. तेवढं सांगून मी विषय हसण्यावारी नेणार होते, पण ती केस तसेच मागे धरून उत्तराची वाट बघत होती.

दुसऱ्या दिवशी बाकीचे पाहुणे बेटावर गेले आणि आम्ही दोघी खाडीपलीकडच्या गावात. तिथं बायका आपापल्या दारात बसून कालवं फोडतात. विचारत विचारत गेलो. एका म्हातारीनं पोरीचा कान पाहिला, इकडेतिकडे पाहिलं आणि हनुवटीनंच कोपऱ्यावरचं घर दाखवलं.

"होंग शिउची नाव तिचं. पण माझं नाव घेऊ नकोस बाई. तिची सासू अजून जिवंत आहे."

शिउची दारातच बसली होती. डोक्याचं फडकं कानांवरून घट्ट बांधलेलं, पुढ्यात कालवांचा ढीग. मी आमच्या बोलीत सगळं सांगितलं. तिची सुरी थांबली नाही.

"मला एकच लेकरू. मुलगा. चुकीच्या दारात आलात."

"ताई, नुसती नजर तरी टाका."

"टाकली. माझी नव्हे." मग मान खाली घालूनच म्हणाली, "केवढी हडकुळी आहे. तिकडे भात मिळत नाही का?"

"काय म्हणाल्या?" माइकेनं विचारलं.

मी सगळं सांगितलं. भाताचंही.

माइके तिच्यासमोर उकिडवी बसली. "त्यांना सांगा, मला काही नको. रागही नाही. फक्त हो म्हणा."

मी तसं सांगत होते तोच आतून सासू खेकसली, "कोण आलंय गं? काय कुजबुज चाललीय?"

"गिऱ्हाईक आहे आई! भाव विचारतायत!"

शिउची उठली. चुलीवरच्या शेवयांमध्ये मूठभर कालवं टाकून तिनं वाडगा माइकेच्या हातात दिला. पोरगी खात होती तोवर ती चौकटीला धरून उभी होती. पापणी लवत नव्हती. वाऱ्यानं फडकं सरकलं तसं तिनं ते दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरलं. मग रिकामा वाडगा जवळजवळ हिसकावून घेतला आणि थेट तिच्या तोंडाकडे बघून म्हणाली,

"न्या आता हिला. पुन्हा आणू नका. माझ्या मुलाचं लग्न ठरतंय. आणि माझी असती तर मी ओळखली नसती का?"

परतीच्या बसमध्ये माइके म्हणाली, "खोटं बोलत होत्या ना?"

"मला तसंच वाटतं."

"माझ्या तोंडाकडे बघून बोलल्या," ती म्हणाली, आणि तिनं केस कानावर ओढून घेतले.

हिवाळ्यात सासू वारली. नवं वर्ष सरल्यावर शिउची शहरात आली आणि आमची बस लागते तिथं मला शोधत उभी राहिली. डोकं उघडं होतं. कानापुढचं छिद्र स्पष्ट दिसत होतं.

"तिला बोलवा," ती म्हणाली. "बाळंतपणातून डोळे उघडले तर पोरगी नाही. म्हातारी म्हणाली, चांगल्या घरी गेली. तोंड उघडलंस तर तूही जाशील. आता म्हातारी गेली. नवऱ्याला मी सगळं सांगितलं. मारलं त्यानं, पण सांगितलं. तुम्ही तिला म्हणा, हो."

मी तिथंच फोन लावला. माइकेनं सगळं ऐकून घेतलं.

"त्यांना म्हणावं, मी तुमची नव्हे असं तुम्ही सांगितलंत, ते मी खरं मानलं," ती शेवटी बोलली. "मानता मानता फार त्रास झाला. आता ते परत उलटं करायची ताकद नाही माझ्यात. मी बरी आहे म्हणून सांगा." आणि तिनं फोन ठेवला.

तेही मलाच सांगावं लागलं. शिउचीनं नीट ऐकलं.

"चिडली होती का?"

"नाही, ताई."

"चिडायला हवं होतं," ती म्हणाली. "चिडली असती तर भांडायला तरी आली असती."

त्या दिवशी नवऱ्यानं तिला घरात घेतलं नाही. आता ती बाजारामागच्या एका खानावळीत कालवं फोडते आणि तिथंच माळ्यावर झोपते. मुलाचं लग्न झालं. तिला बोलावणं नव्हतं. मी माइकेला पुन्हा फोन करून पाहिला. तो नंबर आता बंद आहे. शिउचीला हे अजून सांगितलेलं नाही, आणि तीही विचारत नाही.