हात न लावता

सुनेने डावा हात सासूबाईंच्या मानेमागे घातला, उजव्या हाताने दुधाचा पेला त्यांच्या ओठांशी नेला आणि पुटपुटली, "नोमिमास, नोमिमासेन, नोमिमाश्ता."

"पिते, पीत नाही, प्यायले," दूध गिळून सासूबाईंनी अर्थ सांगितला. "आता तोंड पूस. त्याला काय म्हणतात?"

"फुकिमास."

"बरोबर. करतेस फुकटच, शब्दही तसलाच."

जपानी शिकायची ही युक्ती सुनेची स्वतःची होती. दिवसभर इस्पितळात आयाचं काम, संध्याकाळी क्लास; घरी येऊन पुस्तक उघडलं की अक्षरांआधी डोळेच मिटत. मग तिने एकेक क्रियापद सासूबाईंच्या एकेका कामाला बांधून टाकलं. उठवताना उठणे, भरवताना खाणे, कूस बदलताना झोपणे. कंपवाताने सासूबाईंच्या हातात पेला ठरत नसे आणि चार पावलं चालायची तरी सुनेचा हात काखेत लागे. नवरा गेल्यापासून घरात या दोघीच होत्या; सून बाहेर असली की शेजारीण येऊन-जाऊन बघे.

इस्पितळात बढतीसाठी भाषा लागते, असं तिने सासूबाईंना सांगून ठेवलं होतं. खरी गोष्ट निराळी होती. तिकडे जपानात म्हाताऱ्या माणसांना सांभाळायला बायका हव्या होत्या. तोंडी परीक्षा पास झाली की तीन वर्षांची नोकरी पक्की. नणंद आईला आपल्याकडे न्यायला कधीची तयार होती. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कोणी? घरची म्हातारी सोडून परक्यांच्या म्हाताऱ्या सांभाळायला चालले, हे वाक्य सुनेच्या घशाशी येई आणि तिथेच बसे. त्याची तिला लाज वाटायची, आणि लाजेचाही आता कंटाळा आला होता.

त्या दुपारी परीक्षा होती. क्लासच्या बाईंनी 'पिणे' विचारलं तेव्हा उत्तर देता देता तिचा डावा हात आपोआप उचलला गेला आणि हवेतच कुणाच्या तरी मानेमागे जाऊन थांबला.

"अहो, पितंय कोण?" बाई हसल्या. "तुम्ही, की आणखी कुणी?"

तीही हसली. मग बाईंनी 'जाणे' विचारलं. तिचे हात मांडीवर पडून राहिले. तोंडातून शब्द फुटेना.

"हे तर पहिल्या दिवशीचं!" बाई म्हणाल्या. "सोमवारी पुन्हा या. त्यानंतर मात्र माझ्या हातात काही नाही."

घरी येऊन तिने चपला काढल्या. सासूबाई खुर्चीत बसून वाट पाहत होत्या.

"तोंड का उतरलंय? कुठे अडलीस?"

"जाणे," ती म्हणाली. "एवढंसं तर आहे, पण आलंच नाही."

"कसं येईल? तो एक शब्द तू न्हाणीघरात नळ सोडून घोकतेस."

पिशवी खाली ठेवायची राहूनच गेली.

"आई, तुम्हाला माहीत होतं?"

"हात थरथरतात माझे. कान नाहीत थरथरत."

सून तिथेच भिंतीला टेकली. "मी नाही जात. सोमवारीही नाही जात. थकले हो मी."

"तुझा विचार मी विचारला का? काठी दे."

तिने काठी दिली. सासूबाईंनी खुर्चीच्या हाताला धरून एकदा जोर केला, मागे बसल्या, पुन्हा जोर केला. सुनेचा हात सवयीने त्यांच्या काखेत गेला.

"हात काढ."

"पडाल!"

"पडले तर त्याचाही शब्द शिकशील. काढ म्हणते ना."

तिने हात काढला. सासूबाई उठल्या. काठी लटपटत होती, पाऊल फरशीवरून घासत होतं. निम्म्या वाटेत भिंतीला हात लावून त्यांनी दम खाल्ला आणि पुन्हा निघाल्या. रिकाम्या हातांचं काय करावं ते सुनेला कळेना. तिने ते पाठीमागे घट्ट धरून ठेवले.

उंबरठ्याशी पोचून सासूबाईंनी चौकट पकडली. मागे वळून मात्र पाहिलं नाही.

"हं. आता म्हण."

"इकिमास," सून म्हणाली.

"मोठ्याने म्हण. नळ बंद आहे."