कडेपूरचं पारायण

माझ्या ‘कडेपूर’ या कादंबरीचा दुसरा भाग काढायला पुण्याचे प्रकाशक तयार झाले आहेत. हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. मीही लिहिलेलं नाही. प्रकाशकांचा फोन आला तेव्हा मी घरी नव्हतो, आणि घरी असलो तरी फोन चार्जिंगला होता.

जे घडलंच नाही ते घडलं कसं, एवढंच सांगतो.

म्हैसूरच्या आमच्या समाजात मराठी सगळे बोलतात, वाचत कुणी नाही. वाचायचं ते कन्नडमध्ये. मी नोकरीसाठी काही वर्षं पुण्यात राहिलो. तिथे बाहेरच्यांना कावीळ होते, मला कादंबरी झाली. कडेपूर हे एका दूरच्या ग्रहाच्या काठावरचं गाव. दोन सूर्य, ते पाळीनं उगवतात. पाणी चंद्रावरून टँकरनं येतं. गावाच्या शेवटच्या दगडापलीकडे नकाशा नाही. तिथल्या सीमाखात्याचा नववा नियम असा, की ज्यानं दगड ओलांडला त्याला परत प्रवेश नाही. अर्ज करता येतो. अर्जाला उत्तर द्यायची प्रथा नाही.

माझी नायिका त्रिज्या, मोजणीखात्यातली मुलगी, शेवटच्या पानावर तो दगड ओलांडते आणि परत येत नाही. बाकीचं सगळं पुस्तक मी त्या एका पानासाठी लिहिलं. दुसऱ्या भागात ती पुढे एकटीच चालणार होती. पण प्रकाशक म्हणाले, आधी वाचकांचे अभिप्राय पाठवा. नसतील तर त्रिज्या आहे तिथेच थांबेल.

वाचक कुठून आणायचे? आमच्याकडे देवनागरी वाचणारा माणूस एकच, सगळ्या समाजाचे आजोबा खंडोजीताता. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत होते, त्यामुळे ताता पुस्तकही तलवारीसारखं दोन्ही हातांत धरतात. लष्कर मोहल्ल्यातल्या समाजाच्या हॉलमध्ये दर रविवारी ते पोथी वाचतात. मी त्यांना कादंबरी दिली, चार लोकांना वाचून दाखवा म्हटलं आणि ऑफिसच्या कामाला बेंगळुरूला गेलो. परतलो तो महिन्याभरानं, थेट वाचनाच्या शेवटच्या रविवारी.

हॉलमध्ये शिरलो तर कादंबरी लाल कापडावर चौरंगावर. मुखपृष्ठावरच्या अंतराळयानाला हळदकुंकू. शेजारी नारळ. मी चप्पल बाहेर ठेवली होती हे माझं नशीब.

पोथी वाचायची तातांची पद्धत ठरलेली आहे. एक ओळ वाचायची, मग तिचा अर्थ सांगायचा. ओळ लेखकाची, अर्थ तातांचा. ओळ अर्ध्या मिनिटात संपते, अर्थ कॉफी येईपर्यंत चालतो. त्या महिन्याभरात त्रिज्याची गिरिजा झाली होती, कारण त्रिज्या हे काही मुलीचं नाव नव्हे. माझ्या सात पायांच्या प्राण्याला शाकाहारी करण्यात आलं होतं. दुसऱ्या सूर्याला पहिल्याचा धाकटा भाऊ म्हणून मान मिळत होता.

वाचन सुरू व्हायच्या आधी मी अभिप्राय गोळा करायला बसलो. लोक उत्साहात होते. पवनकुमार मेटगळ्ळीतल्या एका कारखान्यात कामाला. त्यानं सांगितलं, की चौथा अध्याय ऐकला आणि त्याच आठवड्यात तो पर्मनंट झाला. मी विचारलं, पण चौथा अध्याय कसा वाटला? तो म्हणाला, तेच तर सांगितलं. तक्रार एकच होती, यंत्रमानव तीन पाळ्या करतो आणि त्याला पी.एफ. नाही. पुष्पावतीबाईंचा गुडघा दुसऱ्या सूर्योदयाला बरा झाला होता. शामसुंदरमामा शहराच्या टोकाला, बोगादीच्याही पलीकडच्या एका लेआउटमध्ये, म्हणजे नव्या वसाहतीत राहतात. त्यांचा अभिप्राय कडक होता. रस्ता मध्येच संपतो, पाणी टँकरचं, पलीकडे काय आहे कुणाला ठाऊक नाही. यात कल्पना कुठे आहे, हे आमचं लेआउटच की. एकूण कादंबरी गुणकारी होती. ती चांगली आहे का, हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता. काढा चांगला लिहिलाय का असं कोण विचारतं?

सगळ्यांत पुढे माझी वनजात्ते बसली होती, वडिलांची बहीण. तिचा अभिप्राय मी मागितला, तर म्हणाली, “माझं फळ अजून यायचं आहे, रघु. आधी समाप्ती होऊ दे.”

तातांनी शेवटचं पान उघडलं. ओळ वाचली, माझीच ओळ, जशीच्या तशी: ‘तिनं दगड ओलांडला आणि मागे वळून पाहिलं नाही.’ मग ताता अर्थाकडे वळले. म्हणाले, मागे वळून पाहिलं नाही, कारण पुढून रस्ता गोल फिरून घरीच येत होता. ग्रह गोल असतो की नाही? गिरिजा आईच्या दारात उभी राहिली. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला.

भूगोलाच्या दृष्टीनं यात चूक काढता येत नव्हती. तरी मी उठून उभा राहिलो.

“ताता, ती परत येत नाही,” मी म्हटलं. “मी लिहिलंय ते.”

वनजात्तेनं वळून पाहिलं. तिची मुलगी चैत्रा कॅनडात गेली त्याला बरीच वर्षं झाली. आधी व्हिसाची अडचण होती, मग सुट्टीची, आता अडचण काय आहे हे विचारायचंच आत्तेनं सोडून दिलं आहे.

“तू लिहिलंस, हौदु, कबूल,” ती म्हणाली. “तिच्या आईला विचारलंस?”

मी बसलो. आरती झाली. माझ्या कादंबरीची आरती करणाऱ्यांत मीही होतो. ताट फिरत आलं, नाही कसं म्हणणार?

प्रसाद वाटून झाल्यावर मी तातांना कोपऱ्यात गाठलं. शेवट का बदलला विचारलं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

“शेवट मला आवडला रे,” ते म्हणाले. “घरी मी तो तसाच वाचला. पण इथे वनजा समोर बसते. तिच्याकडे बघून तुझं वाक्य वाच, मग मला शिकव.”

मी तातांना काही शिकवलं नाही. अभिप्राय जसे होते तसे पुण्याला पाठवले, गुडघ्यासकट. प्रकाशक भारावून गेले. असा लेखक–वाचक संबंध त्यांनी पाहिला नव्हता म्हणे. दुसरा भाग हवा, लवकर हवा, आणि सुरुवात गिरिजाच्या घरवापसीनं हवी. गिरिजा कोण, एवढं फक्त कळवा. हे त्यांनी फोनवर सांगितलं, आणि याच फोनच्या वेळी मी घरी नव्हतो.

दुसऱ्या भागात त्रिज्या एकटीच चालते आहे. ते मी बदलणार नाही. पण आत्ते रोज विचारते, समाप्तीचं फळ यायला साधारण किती दिवस लागतात, तुला लेखक म्हणून माहीत असेल. म्हणून काल मी एक अर्ज केला:

प्रति, मा. अधीक्षक, सीमाखाते, कडेपूर.

विषय: नियम नऊ शिथिल करण्याबाबत.

महोदय, आपल्या हद्दीबाहेर गेलेल्या कु. त्रिज्या यांना कायमचे परत बोलवावे अशी अर्जदाराची मागणी नाही. तथापि येत्या गौरीच्या सणाला त्यांना चार दिवस माहेरी येण्याची परवानगी द्यावी, आणि वाटेत कॅनडा लागत असल्यास तेथून आणखी एका मुलीला सोबत घेण्याची मुभा असावी, ही नम्र विनंती.