लॉरीच्या ट्यूबने पाहिलेले पाणी

मित्रांनो, मी लॉरीच्या चाकातली एक जुनी ट्यूब आहे. रंगाने काळी, अंगावर जागोजागी ठिगळे, आणि वास असा की घरात नवीन आलेला माणूस आधी नाक मुरडतो. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलेही नसेल. आताच्या गाड्यांच्या चाकांना माझी गरज पडत नाही.

माझ्या आयुष्याची पहिली काही वर्षे काळोखात गेली. कारखान्यातून निघाले ती थेट टायरच्या पोटात. माझा मालक येसाजी निपाणीकडचा. त्याच्या लॉरीतून कधी कांदे, कधी तंबाखू बेंगळूरला यायची. मी त्या रस्त्यावर असंख्य वेळा धावले, पण रस्ता एकदाही पाहिला नाही. खडी लागली की अंग थरथरायचे, घाट आला की तापायचे. एवढीच माझी जगाची ओळख. खिळे मात्र पुष्कळ भेटले. प्रत्येक खिळ्यामागे एक ठिगळ बसत गेले आणि शेवटी येसाजीने मला चाकातून बाहेर काढले.

तेव्हा मी पहिल्यांदा ऊन पाहिले, आणि त्या उन्हात उभी असलेली कावेरी.

मल्लेश्वरमला ज्या रिकाम्या जागेत येसाजी लॉरी लावायचा, तिच्या शेजारीच कावेरीचे घर होते. कित्येक पिढ्या बेंगळुरातच गेलेले मराठी कुटुंब. घरात मराठी बोलायचे, अंगणात कन्नड, आणि भांडताना दोन्ही. कावेरी अकरा वर्षांची होती. तिचा धाकटा भाऊ सुमंत आठ वर्षांचा, तिच्या परकराला धरून उभा.

"येसाजीअण्णा, ही टाकून देणार काय?" तिने विचारले.

"रस्त्यावर चालायची न्हाई आता. पाण्यावर चालंल. पाहिजे तर घे पोरी."

तिने मला खांद्यावर घेतले. मी तिच्याहून रुंद होते.

त्यानंतरचे दोन उन्हाळे मला स्वप्नासारखे आठवतात. घरांची रांग संपली की थोड्या अंतरावर एक पेरूचा मळा होता आणि मळ्यात दगडी पायऱ्यांची मोठी विहीर. दुपारी घरातली मोठी माणसे निजली की मुले निघायची. कावेरी, सुमंत आणि शेजारचा रघुपती, जो तेरा वर्षांचा होता आणि माशासारखा पोहायचा. सायकलच्या दुकानात माझ्यात हवा भरून घ्यायची आणि मला काठीने ढकलत, गडगडत न्यायचे. वाटेत कुत्री भुंकायची. कुठे चाललात, असे कोणी विचारले तर रघुपती सांगायचा, "इथेच." त्या काळी 'इथेच' हा शब्द फार मोठा होता, मित्रांनो. त्यात मळा मावायचा, विहीर मावायची, पेरू चोरणे आणि माळ्याने दगड मारत मागे लागणेही मावायचे.

विहिरीतले पाणी हिरवे होते. दुपारचे ऊन वरून तिरपे उतरायचे आणि पाण्यातून उलटे भिंतीवर चढून डोलत राहायचे. भिंतीच्या फटींत पारवे घुमायचे. मधूनच एखादा निळा खंड्या पाण्याला शिवून जायचा. मुले दमली की माझ्यावर हात टाकून तरंगत पडायची आणि मी हळूहळू गोल फिरायचे. वर आभाळाचा चौकोन आणि त्यातून जाणारे ढग. ज्या रबराने आयुष्यभर फक्त ओझे वाहिले, त्याला पहिल्यांदा कळले की वजन हलकेही असू शकते.

रघुपती काठावरून मुटका मारायचा तेव्हा भिंतीपर्यंत लाटा जायच्या. माझ्या वॉल्व्हची पितळी नळी सगळ्यांच्या पोटाला ओरखडे काढायची. घरी विचारले की मुले सांगायची, मांजर. कावेरीला माझ्याशिवाय पोहायची हिंमत मात्र होत नव्हती. एक हात माझ्यावर ठेवूनच ती पाय मारायची. रघुपती हसायचा, "कावेरी, ट्यूब सोड की!" ती म्हणायची, "उद्या."

दुसऱ्या उन्हाळ्यातली एक दुपार. रघुपती वर पेरूच्या झाडावर चढला होता. कावेरी पायरीवर बसून केस पिळत होती. सुमंत माझ्यात बसून विहिरीच्या मध्यभागी गेला होता आणि राजासारखा हात हलवत होता. त्याच वेळी माझे एक जुने ठिगळ सुटले.

मला ते कळले. बुडबुड्यांची एक बारीक रांग वर जाऊ लागली. सुमंतला गंमत वाटली. मग मी एका बाजूने मऊ पडले, दुमडले, आणि तो माझ्यातून घसरला.

"अक्का! पाय लागंना! अक्का!"

मी ओरडू शकत नव्हते. ज्या पोराने माझ्यावर भरवसा टाकला होता त्याच्या हाताखालून मी चिंधीसारखी निसटत होते. आणि तेव्हा पाणी दुभंगले. कावेरीने उडी घेतली होती. तिच्यापाशी धरायला काहीच नव्हते. ती आली, सुमंतचा सदरा पाठीमागून मुठीत धरला आणि उरलेल्या एका हाताने पाणी कापत निघाली. दोनदा ती खाली गेली. तिसऱ्यांदा तिचा हात पायरीला लागला. तोवर रघुपती धावत आला होता. त्याने दोघांना ओढून वर घेतले. पेरू पायऱ्यांवरून टपटप पाण्यात पडत राहिले.

घरी सगळे कळलेच. सुमंतला ताप भरला. आई कस्तुराबाई रडत म्हणाल्या, "अय्यो, त्या काळतोंडीला आधी जाळून टाका. आणि मुलीला घरात बसवा." मी अंगणात पडून ऐकत होते. वडील आप्पाजी अंगणात येऊन माझे सुटलेले ठिगळ चाचपू लागले. ते छापखान्यात कामाला होते, मितभाषी माणूस. त्यांना स्वतःला पोहता येत नव्हते.

"जाळून काय होणार?" ते म्हणाले. "विहीर तर तिथेच राहणार. मुलं जाणारच. सरी, ठीक आहे, रविवारी मीपण जातो."

आणि ते आले. मला नवे ठिगळ लावून घेऊन, धोतर खोचून, हातात जाड दोर घेऊन. दोराचे एक टोक त्यांनी मला बांधले आणि दुसरे स्वतःच्या मनगटाला. ते पायरीवर बसून राहिले. पाण्याकडे पाहताना त्यांचा चेहरा पांढरा पडायचा, पण त्यांनी एकदाही "पुरे, वर या" म्हटले नाही. त्या मे महिन्यात कावेरी विहिरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहू लागली.

पुढे काय होते ते तुम्हाला ठाऊक आहेच. मुले मोठी होतात. कावेरी बँकेत लागली, तिचे लग्न झाले, सुमंत आणि रघुपती परगावी गेले. मळा गेला, विहीर बुजली, तिच्यावर चार मजले उभे राहिले. आप्पाजींनी माझ्यातली हवा सोडली, अंगाला पावडर चोळली, कॉफीच्या पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवले. पुन्हा काळोख. तो किती वर्षांचा होता, हे मला सांगता येणार नाही.

काही महिन्यांपूर्वी ते घरही पाडायला निघाले. आई-वडिलांमागे त्याच घरात राहणारी, साठी ओलांडलेली कावेरी एचएसआर लेआउट या नव्या वस्तीत तिच्या मुलाकडे, अपूर्वकडे राहायला निघाली. जुन्या अंगणातून भंगारवाला सामान नेत होता. त्याने माझे पोते गाडीवर टाकले, तोच एका लहान मुलीने ते खाली ओढले.

"अज्जी, हे काय आहे? साप आहे?"

ती स्मृती, कावेरीची नात. वय नऊ. तिच्या मनगटावर एक घड्याळ होते. ते वेळेबरोबर ती कुठे आहे हेही तिच्या आईला सांगत असे. कावेरीने मला उलगडले, नाकाशी नेले आणि ती तिथेच मातीत बसली.

अशी मी सातव्या मजल्यावरच्या बाल्कनीत आले. रोज संध्याकाळी कावेरी तिथे बसून गोष्टी सांगायची आणि स्मृती माझ्यावर डोके टेकून ऐकायची. मळा, माळ्याचे दगड, मुटका, खंड्या. कावेरीचा आवाज अशा वेळी पाण्यात भिजल्यासारखा व्हायचा. "आमच्या वेळी कोण विचारत होतं? दिवसभर बाहेर. पडलो तर उठलो. तुमची काय पिल्लांसारखी राखण!" स्वयंपाकघरातून स्मृतीची आई निवेदिता हे ऐकत असायची. ती सांगलीकडची. मारतहळ्ळीला एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. तेव्हा भांडी जरा जोरात वाजायची.

एका शनिवारी दुपारी घर निजलेले असताना स्मृतीने घड्याळ काढून उशीखाली ठेवले. सायकलच्या पंपाने माझ्यात जमेल तेवढी हवा भरली आणि मला लिफ्टमधून खाली आणले. सोसायटीचा पोहण्याचा तलाव दुपारी बंद असतो. तिने मला कुंपणावरून आत टाकले आणि मागोमाग स्वतः चढून आली. खोल पाण्याच्या काठावर तिने मला ठेवले. तिचे डोळे चमकत होते. माझ्या जुन्या ठिगळांतून हवा सुटत होती. मला ते कळत होते, आणि पुन्हा मला ओरडता येत नव्हते.

तेवढ्यात कुंपणाचे फाटक धाडकन वाजले. बाल्कनीत मी दिसले नाही म्हणून निवेदिता अनवाणी धावत आली होती. तिने लेकीचा दंड धरून तिला मागे ओढले आणि ओल्या फरशीवर मटकन बसली. तिने मारले नाही. लेकीचा दंड मात्र सोडला नाही. मागून कावेरी धापा टाकत आली.

"काही झालं नाही ना? मग रागावू नको ग तिला. आम्ही तर या वयात…"

"आई, तुमच्या गोष्टींतली सगळी मुलं वर येतात," निवेदिता म्हणाली. "सगळी नाही येत."

मग तिने ते सांगितले. तिला एक थोरला भाऊ होता, रविकिरण. बारा वर्षांचा. ती तेव्हा सहा वर्षांची. कृष्णेच्या घाटावर तो अशीच एक ट्यूब घेऊन पोहायला जायचा. एके दिवशी ट्यूब पुलाखाली सापडली. तो दुसऱ्या दिवशी. लग्नाला इतकी वर्षे झाली, पण हे नाव या घरात कोणी ऐकले नव्हते. अपूर्वला फक्त एवढेच ठाऊक होते की एक भाऊ होता, लहानपणीच गेला.

कावेरी तिच्याशेजारी फरशीवर बसली. तिचा हात हातात घेऊन म्हणाली, "मला माहीत नव्हतं, पोरी. मी वेड्यासारखी रोज सांगत बसले."

त्या दिवसापासून बाल्कनीतल्या गोष्टी थांबल्या. मला कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवले गेले. स्मृती येऊन जरा बोट लावायची आणि निघून जायची. मला वाटले, आता भंगारवाला.

पण एका सकाळी निवेदिता आली. हातात कॉफीचा पेला होता. ती माझ्यापाशी वाकली आणि तिने माझा वास घेतला. डोळे मिटून, पुन्हा पुन्हा. कावेरी दारात उभी होती.

"दादाच्या अंगाला असाच वास यायचा," निवेदिता म्हणाली. "मी विसरलेच होते." मग न वळताच तिने विचारले, "आई, मला शिकवाल पोहायला? स्मृती एक ना एक दिवस पाण्यात जाणारच. तेव्हा मला काठावर बसून नुसतं घाबरायचं नाहीये."

पंक्चरवाल्याने माझी सगळी ठिगळे काढून नवी लावली. रविवारी सकाळी आम्ही तलावावर गेलो. रखवालदाराने मला पाहून मान हलवली, "ट्यूब बेडा, अम्मा," म्हणजे ट्यूब नको. कावेरीने त्याला कन्नडमध्ये काही सांगितले, शेवटी "स्वल्प ॲडजस्ट माडी", थोडे सांभाळून घ्या, असे म्हणून हात जोडले. तो हसून बाजूला झाला.

निवेदिता पाण्यात उतरली तेव्हा तिची नखे माझ्यात रुतली. पाणी छातीपर्यंतच होते, पण तिला ते नदीएवढे वाटत असावे. कावेरीने तिच्या पाठीखाली हात धरला. काठावरून स्मृती ओरडत होती, "मम्मा, पाय मार! गुडघे नको वाकवू!" हळूहळू नखे सैल झाली. ती माझ्यावर डोके ठेवून उताणी तरंगू लागली. वर इमारतींच्या मधले आभाळ होते, आणि ते अगदी सावकाश फिरत होते.

एकाएकी ती हसली. खुदकन, सहा वर्षांच्या मुलीसारखी.

"काय झालं?" कावेरीने विचारले.

"दादा ना, पाण्यात शिरायच्या आधी चड्डीच्या खिशात चिंचा भरायचा. म्हणायचा, नदीत खाल्ल्या की खारवलेल्या लागतात. नदी कुठे खारी असते?" ती बोलतच राहिली. तो झाडावरून कसा पडला आणि दात पडल्याचे आईला कसे कळू दिले नाही, तिला खांद्यावर घेऊन घाटाच्या पायऱ्या कसा उतरायचा, शिट्टी कशी वाजवायची. तीस वर्षे तिला त्याचा फक्त शेवटचा दिवस आठवत होता. त्या आधीचे सगळे दिवस आता एकेक करून पाण्यावर येत होते. स्मृती काठावर पोटावर पडून, हनुवटी हातांवर ठेवून ऐकत होती.

"मग, मम्मा? मग मामाने काय केलं?"

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या रबराचे फार दिवस उरलेले नाहीत. तुमच्याकडे एकच मागणे आहे. पाण्यात जरूर उतरा, झाडावर चढा, गुडघे फोडून घ्या. मात्र आपल्या माणसाला सांगून जा आणि जमल्यास त्यालाही सोबत न्या. घरातले कोणी तुमच्यासाठी फार घाबरत असेल तर त्याच्यावर चिडू नका. त्याच्याजवळ बसा आणि त्याच्या लहानपणी त्याच्यासोबत कोण कोण खेळायचे, ते विचारा.