नवरीच्या बापाचा फोटो

प्रल्हाद कुराडे कॅमेरा घेऊन पोचेपर्यंत गडहिंग्लजात कुणी मरत नव्हतं. मेलेलं माणूस उठून बसायचं, पाणी मागायचं आणि फोटोवाला आला का म्हणून दाराकडं बघत राहायचं. लग्नांचंही तेच. अक्षता पडायच्या, वाजंत्री वाजायची, पण हार घालताना प्रल्हादच्या कॅमेऱ्यानं धरलं नाही, तर हार आपोआप गळ्यातून निघून हातात यायचे आणि नवरा-नवरी एकमेकांना नाव-गाव विचारायला लागायची. पहिल्या खेपेला लोक हादरलेच. एका भटजींनी तर पोथी तिथंच टाकून घर गाठलं. पुढं मात्र सगळ्यांना सवय झाली आणि लोक तिथीच्या आधी प्रल्हादची तारीख घ्यायला लागले.

ह्या सगळ्याला प्रल्हादचं तोंड कारण. एका लग्नात नवऱ्यानं मंगळसूत्र बांधलं आणि नेमकं त्याच वेळी भटजींचं कोपर आडवं आलं. सगळे फोटोवाले करतात तेच प्रल्हादनं केलं. "थांबा, थांबा! सोडा ते. पुन्हा बांधा," म्हणाला.

"अहो, बांधलं की एकदा!" नवरीची मावशी म्हणाली. "मंगळसूत्र काय पुन्हा पुन्हा बांधतात व्हय?"

"ते पहिलं धरायचं नाही मावशी," प्रल्हाद हसत म्हणाला. "ह्या कॅमेऱ्यात आलं तेच खरं."

लोक हसले. तेवढ्यात नवरीनं गळ्याला हात लावला आणि किंचाळली. मंगळसूत्र तिच्या मांडीवर पडलं होतं. ते दुसऱ्यांदा बांधलं, प्रल्हादनं बटण दाबलं, तेव्हा कुठं ते गळ्यात राहिलं. त्या दिवसापासून तालुक्यात दुसऱ्या कुणाचा कॅमेरा धरेना. मोबाइलमध्ये फोटो यायचे, पण त्यातलं काही झालेलं नसायचं. बाकीच्या स्टुडिओवाल्यांनी शटर ओढलं. एकानं रसवंती टाकली, एकानं म्हशी घेतल्या.

आणि प्रल्हादचं काय विचारता! स्टँडमागच्या गाळ्यातला कुराडे फोटो स्टुडिओ बाजारपेठेत आला, काचेचं दार आलं, आत गारवा आला. हाताखाली माणूस मात्र त्यानं ठेवला नाही. कॅमेऱ्याला दुसऱ्याचा हात लागला तर त्याच्या अंगावर काटा यायचा. धंद्याची नस त्याला बरोबर सापडली होती. यायचे पैसे वेगळे आणि न यायचे वेगळे, असं त्याचं होतं.

न यायचे म्हणजे काय, ते गणपा मगदूमच्या वेळी कळलं. म्हातारा गेला होता आणि कॉटवर बसून चहात बिस्कीट बुडवत होता. थोरल्याला वाटण्या करायच्या होत्या, त्यानं प्रल्हादला बोलावलं. प्रल्हाद उंबऱ्यात पोचला तोवर धाकट्यानं त्याला बाजूला घेऊन पाकीट दिलं, कारण म्हातारा होता तोवर राहतं घर धाकट्याच्याच ताब्यात होतं.

"ये बाबा, काढून टाक," म्हातारा म्हणाला. "किती दिवस ह्या दोघांची तोंडं बघत बसू?"

प्रल्हादनं पाकीट चाचपलं. थोरल्याच्या पाकिटापेक्षा ते जाड होतं.

"आज उजेड बरा नाही आजोबा," तो म्हणाला.

बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. म्हातारा आ वासून त्याच्याकडं बघतच राहिला. प्रल्हादनं पिशवीची चेन लावली आणि गाडीला किक मारली. वाईट वाटलं का, म्हणाल, तर वाटलं. पण धंदा म्हटला की असं होतंच, असं त्यानं स्वतःला सांगितलं, आणि घरी जाताना बायको-लेकीसाठी बासुंदी नेली.

बायको वैजयंता आणि लेक धनश्री, ह्या दोघींवर त्याचा जीव होता. धनूचं लग्न असं करायचं की तालुक्यानं बघत राहावं, हे त्यानं ती पाळण्यात होती तेव्हाच ठरवलं होतं. नेसरीच्या देसायांचं स्थळ आलं, पसंती झाली, साखरपुडा ठरला. घरचाच फोटोवाला असल्यावर प्रश्नच नव्हता. प्रल्हादनं सकाळपासून सगळे फोटो स्वतः काढले. ओटी भरताना, अंगठी घालताना, पेढा भरवताना. एकही क्षण निसटू दिला नाही.

जेवणं झाल्यावर मुलाची आत्या पानाला चुना लावत म्हणाली, "मुलीच्या आई-वडिलांच्या लग्नाचा अल्बम बघू जरा."

आता ही रीतच पडली होती. पूर्वी पत्रिका बघायचे, आता अल्बम बघत; कितीही जुनं असलं तरी अल्बमात नाही ते झालंच नाही, असं धरायचे. वैजयंतानं हौसेनं मखमली पुठ्ठ्याचा अल्बम आणला आणि प्रल्हादला एकदम आठवलं.

स्वतःच्या लग्नाचे फोटो त्यानं स्वतःच काढले होते. तेव्हा नुकताच धंदा टाकलेला, अंगात रग. बोलावलेला फोटोवाला सारखा वाकडं धरायचा, ते ह्याला बघवेना. शेवटी मुंडावळ्या बांधलेल्या अवस्थेत त्यानं त्याच्या हातातला कॅमेरा ओढून घेतला, खुर्चीवर चढला आणि म्हणाला, "वैजयंता, मान जरा वर!" मांडवात हसून हसून लोकांची पुरेवाट झाली होती. पुढं कितीतरी वर्षं नातेवाईक ही गंमत एकमेकांना सांगत होते.

आत्यानं पान उलटलं. वैजयंता हार घालत होती आणि समोर कुणीच नव्हतं. पुढच्या पानावर ती सप्तपदी चालत होती. पदराला शेला बांधलेला, आणि शेल्याचं दुसरं टोक जमिनीवर लोळत होतं.

"नवरा कुठाय?" आत्यानं विचारलं.

आत्यानं बारशाचा अल्बम मागितला, मग वाढदिवसांचा, मग गणपतीपुळ्याच्या सहलीचा. सगळीकडं मायलेकी. एका फोटोत वाळूवर कुणाची तरी सावली पडली होती, तीही मानेपासून कापलेली.

"ही सावली कुणाची?"

वैजयंतानं अल्बम जवळ ओढून खूप वेळ बघितलं. मग मान वर करून प्रल्हादकडं बघितलं. ह्या माणसाला कुठं बघितलंय ते आठवत नाही, असा तिचा चेहरा होता.

"भाऊ," ती म्हणाली, "तुम्ही जेवलात का?"

ज्या बाईनं इतकी वर्षं 'अहो'शिवाय हाक मारली नाही, ती त्याला भाऊ म्हणत होती!

"वैजू, अगं, मी!"

तिनं पदर खांद्यावरून ओढून घेतला. "असं नावानं हाक मारू नका बरं. पाव्हणे बसलेत."

"धनू!" प्रल्हाद लेकीकडं वळला. "तू तरी सांग. मी कोण तुझा?"

धनश्री गोंधळून हसली. "काका, तुम्ही फोटोवाले ना?"

त्या संध्याकाळी त्यानं कपाट उघडलं, तर त्याचा कप्पाच नव्हता. कप्पा रिकामा केलेला नव्हता, कपाटच तेवढं अरुंद झालं होतं. पलंगही एका माणसापुरता उरला होता. दारावरच्या पाटीवर वैजयंताचं एकटीचं नाव होतं आणि अक्षरं मध्यभागी, नीट बसवलेली होती. धनश्री त्याच्यामागं अंगणापर्यंत आली आणि म्हणाली, "काका, ह्या चपला तुमच्या ना? विसरून चालला होता." त्यानं चपला हातात घेतल्या आणि तसाच अनवाणी स्टुडिओत आला.

स्टुडिओत त्यानं कॅमेरा ट्रायपॉडवर लावला, आपोआप निघेल असं बटण दाबलं आणि समोर जाऊन उभा राहिला. फोटोत नुसता पडदा आला. पुन्हा काढला, पुन्हा पडदा. कॅमेऱ्यामागं माणूस लागतंच होतं. मग त्यानं आयुष्यात पहिल्यांदा कॅमेरा दुसऱ्याच्या हातात द्यायचं ठरवलं. समोरच्या किराणावाल्याला म्हणाला, "एक फोटो काढा की माझा. बायकोशेजारी उभा राहतो." किराणावाल्यानं दोन्ही हात पाठीमागं नेले.

"तुमच्यागत व्हायला सांगताय व्हय? माझी पोरंबाळं हायत."

कॅमेऱ्यामागं उभा राहील तो घरादारातनं पुसला जातो, ही बातमी बाजारभर झाली होती. प्रल्हाद कॅमेरा पुढं करत आला की लोक दुकानात शिरायचे, हात खिशात घालायचे. धंदा मात्र कमी झाला नाही. उलट घरदार नसलेला फोटोवाला केव्हाही येतो म्हणून बोलावणी वाढलीच.

एका दुपारी काचेचं दार ढकलून वैजयंता आत आली. ती खुर्चीच्या कडेला बसली, परक्याच्या दुकानात बसतात तशी.

"भाऊ, मुलीचं लग्न धरलंय," ती म्हणाली. "तुमच्याशिवाय होत नाही म्हणतात. पण जरा कमी करा. वडील नाहीत तिला."

प्रल्हाद म्हणाला, "काही नको मला."

"असं कसं? धंदा आहे तुमचा." तिनं पर्समधून विसार काढून काचेवर ठेवला.

"कन्यादान कोण करणार?"

"तिचा मामा बसेल. माझा भाऊ बाजीराव."

"एक फोटो..." प्रल्हाद म्हणाला. "कन्यादानाचा एक फोटो माझा कुणाकडनं तरी काढून घ्याल का? तुमच्याशेजारी. एकच."

वैजयंता ताडकन उठली. "काय बोलता हो हे! शोभतं का तुम्हाला?" ती दारापर्यंत गेली, थांबली, आणि तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. का आलं ते तिचं तिलाच कळलं नसावं. ती डोळे पुसत निघून गेली.

लग्नाच्या दिवशी प्रल्हाद सगळ्यांच्या आधी कार्यालयात हजर होता. त्यानं हळदीचे घेतले, घाणा भरतानाचे घेतले, गौरीहरापुढं बसलेल्या धनूचे घेतले. प्रत्येक फोटोबरोबर त्याची लेक थोडी थोडी दुसऱ्या घरची होत होती आणि ते करणारा तोच होता. काय करेल बिचारा? बटण दाबलं नसतं तर पोरीचं लग्न अडलं असतं, आणि दाबत होता तर स्वतःच्या हातानं स्वतःला पुसत होता. कन्यादानाचं एकदा धरलं की बाजीरावच त्या जागेवर कायमचा, मग नुसतं तोंड बघायलाही धनूच्या दारात जायचं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

भटजींनी पाट मांडले, काशाचं ताट ठेवलं. ओंजळीखाली ओंजळ धरायची, वरून आईनं पाण्याची धार सोडायची. बापाच्या ओंजळीतून लेकीच्या, लेकीच्या ओंजळीतून जावयाच्या. बाजीराव उपरणं सावरत येऊन उभा राहिला. प्रल्हादनं कॅमेरा डोळ्याला लावला आणि त्याला काही दिसेना. डोळे भरून आले होते. त्यानं कॅमेरा बाजूच्या खुर्चीवर ठेवला, तोंड रुमालात खुपसलं आणि भर मांडवात तो माणूस हमसून हमसून रडायला लागला.

"अहो काका, रडता काय?" धनश्रीचा आवाज आला. "सगळ्यांचे काढता, तुमचा कुणी काढतच नाही, म्हणून का? या, उभे राहा आईजवळ. मामा, तू जरा सरक. एकच फोटो."

प्रल्हादला पुढचं काही ऐकू आलं नाही. आईजवळ उभे राहा! तो धावलाच. पाटाला ठेचकाळला, बाजीरावच्या जागेवर उभा राहिला, केस सारखे केले, सदऱ्याची कॉलर नीट केली आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढं धरली. वैजयंताच्या साडीचा काठ त्याच्या कोपराला लागत होता. मग त्यानं फोटोसाठी हसून समोर बघितलं.

कॅमेऱ्यामागं धनू होती. मुंडावळ्या एका कानामागं सारलेल्या, एक डोळा मिटलेला, मेंदीचं बोट बटणावर.

"धनू, नको!" तो ओरडला.

बटण दाबलं गेलं होतं.

"अहो," वैजयंता म्हणाली. तोच आवाज, तीच हाक. "ओरडता कशाला? माणसं बघतायत. पाणी सोडू ना?" आणि तिनं तांब्या कलता केला. प्रल्हादच्या ओंजळीत गार पाणी पडलं.

भटजींनी पोथीवरून बोट फिरवलं. "हं. कन्येचं नाव सांगा."

वैजयंता थांबली. तिनं समोर बघितलं. नवरा मुलगा ओंजळ धरून बसला होता आणि त्याच्या शेजारचा पाट रिकामा होता. ती प्रल्हादच्या कानाशी आली आणि लाजत, अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "अहो, आपल्याला मुलगी झाली असती, तर नाव काय ठेवलं असतं हो आपण?"

प्रल्हाद पाटावरून उतरायला गेला. बाजीरावनं त्याचा दंड घट्ट धरला.

"दाजी, आता जागा सोडायची नाही," तो म्हणाला. "मुलीचा बाप आहात तुम्ही."

पाणी प्रल्हादच्या बोटांमधून सरळ काशाच्या ताटात पडत होतं. शालू नेसलेली ती मुलगी खुर्चीवर चढली, तिनं कॅमेरा डोळ्याला लावला आणि म्हणाली, "हलू नका काका. धार छान येतेय."