मास्तरांचं टेबल, ताईचा लॅपटॉप

मी टेबल बोलतोय. साधंसुधं नव्हे हं, टेलर मास्तरांचं कापड बेतायचं टेबल! कात्रीचे चरे अंगावर घेतलेत मी, इस्त्रीचे चटके सोसलेत. जेवणाच्या टेबलांनी माझी बरोबरी करू नये.

सुतारानं मला घडवलं तेव्हा एक पाय बोटभर आखूड राहिला. मास्तर त्याला म्हणाले, "असू दे रे, आखूड झालेलं मी रोजच सांभाळून घेतो." आणि चिंधीची घडी करून पायाखाली सारली. तेव्हापासून मी ताठ उभा आहे.

मास्तरांची लेक, आमची ताई, माझ्याखाली चिंध्यांशी खेळत वाढली. पुढे बापाइतक्याच सफाईनं कापड कापू लागली. अख्खी गल्ली म्हणायची, "मास्तर, दुकानाची काळजी मिटली तुमची!" आणि पस्तिशी गाठल्यावर एके दिवशी ही बया माझ्यावर जुना लॅपटॉप ठेवून म्हणते कशी, "बाबा, मी सॉफ्टवेअर शिकतेय. दुपारपर्यंत शिवण, नंतर हे."

मास्तरांच्या ओठांतली टाचणी ओठांतच राहिली. ती काढून ते म्हणाले, "शिवणकामात काय वाईट आहे?"

"काहीच नाही. पण मला हे आवडतंय."

"आणि नाही जमलं तर?"

"एक वर्ष द्या मला. नाही जमलं तर पुन्हा कात्री धरीन आणि याचं नावही काढणार नाही."

झालं! तिचं सगळं त्या एका वर्षावर येऊन ठेपलं. गिऱ्हाइकं थोडीच गप्प बसणार? "अगं, पोराटोरांचं काम ते. या वयात कुठं जमायचं?" ताई टेप गुंडाळत हसायची. मला मात्र असा संताप यायचा! मास्तर लॅपटॉपला 'तो डबा' म्हणायचे आणि मुद्दाम त्याच्यावर कापडाचं गाठोडं ठेवायचे. ताई मुकाट्यानं गाठोडं उचलायची आणि शिकायला बसायची. प्रोग्राम अडला की बोटांनी माझ्यावर ताल धरायची, चालला की थाप मारायची. हळूहळू ताल कमी झाला आणि थापा वाढल्या. हे माझ्याशिवाय कुणाला कळणार?

वर्ष सरत आलं. ताईनं नकारावर नकार पचवल्यावर एका कंपनीनं मुलाखत ठेवली, तीही लॅपटॉपवरच. त्या सकाळी मी जरा डुगडुगत होतो. मास्तर वाकले, जुनी चिंधी काढून नवी घातली. मग शिलाई मशीन बंद केलं. दारात गिऱ्हाईक आलं तर ओठांवर बोट! सख्ख्या भावाच्या लग्नादिवशीही ज्यांचं मशीन थांबलं नव्हतं, ते हे मास्तर.

पडद्यावरच्या मॅडम ताईपेक्षा लहानच होत्या. ताईनं स्वतः केलेला प्रोग्राम दाखवला. माप घातलं की शर्टाला किती कापड लागेल ते तो सांगायचा. मॅडमनी एका धिप्पाड माणसाचं माप घातलं. उत्तर आलं ते जेमतेम तान्ह्या पोरीच्या फ्रॉकाइतकं!

ताईचा चेहरा खर्रकन उतरला. रोज तर माझ्यावरच्या कापडाशी ताडून बघायची, बरोबर यायचं. दाराआड मास्तरांनी गळ्यातला टेप घट्ट धरला.

"घाई नाही," मॅडम म्हणाल्या. "कुठं चुकलं ते शोधा."

ताईचा हात सवयीनं माझ्यावरच्या कापडावर गेला. बोटांनी कड चाचपली आणि ती एकदम ओरडली, "अगं बाई, घडी!"

"कसली घडी?"

"मॅडम, आम्ही कापड चार पदरी घालून कापतो. मी उत्तर ताडलं ते त्या घडीशी. चार पदर माझ्या हाताला ठाऊक होते, प्रोग्रामला चारानं गुणायला सांगायचंच राहिलं!" बोलता बोलता तिनं ओळी दुरुस्तही केल्या. "आता दुसरं माप घालूया. बाबा, तुमची छाती किती?"

"चाळीस!" मास्तर दाराआडून गरजले. मॅडम खळखळून हसल्या. उत्तर अगदी बरोबर आलं. मला अशी थाप बसली म्हणता, की नवी चिंधीसुद्धा हलली.

काही दिवसांनी फोन आला. ताई फोन ठेवून मास्तरांसमोर उभी राहिली. मग म्हणाली, "बाबा, घेतलं मला."

गळ्यातला टेप काढून मास्तरांनी स्वतःच्या छातीभोवती गुंडाळला आणि डोळे पुसत म्हणाले, "बघ गं, चाळीस होती ना? आज बेचाळीस भरतेय."

आता माझ्या अर्ध्या अंगावर कापड असतं, अर्ध्यावर ताईचं ऑफिस. तिच्या बाजूची खडूची भुकटी मास्तर स्वतः पुसतात. येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवतात, "लेक प्रोग्राम बेतते आमची!" परवा कुणीसं म्हणालं, टेबल जुनं झालंय, बदला की. बाबांनो, एवढं करू नका. पायाखाली चिंधी बदलत राहा, बाकी मी खंबीर आहे. पोरीची बढती बघितल्याशिवाय मी इथून हलायचा नाही.